तारापूरची वीज, लासलगावचा कोबाल्ट

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरचे अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. अरबी समुद्राच्या काठी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोईसर आणि चिंचणीच्या शेजारी उभे राहिलेले हे भारतातले पहिले अणुवीज केंद्र. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ गोदावरीच्या काठी, एकलहऱ्याला, कोळशावर चालणारा १४० मेगावॉटचा पहिला संच वीज देऊ लागला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोन्ही ठिकाणांमध्ये दीडशे किलोमीटरही अंतर नाही. वर्षभराच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन केंद्रांमागे विजेचे दोन वेगळे हिशेब होते, आणि महाराष्ट्राच्या पुढच्या अर्धशतकाचा कल त्यांतच दडलेला होता.

तारापूरचा हिशेब डॉ. होमी भाभांचा होता. देशातला चांगला कोळसा बिहार-बंगालच्या पट्ट्यात, तर मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्या व कारखाने पश्चिमेला. हजार-दीड हजार किलोमीटर कोळसा वाहून आणायचा तर निम्मा खर्च रेल्वेच्या भाड्यातच जाणार. युरेनियमचे तसे नाही. ट्रकभर इंधनात अणुभट्टी दीर्घकाळ चालते. म्हणून खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम भारतात अणुवीज कोळशाला टक्कर देईल, असे भाभा १९५०च्या दशकापासून मांडत होते. या युक्तिवादात तथ्य होते. तरीही नाशिकला कोळशाच्या वाघिणी आल्याच. १९७९ ते १९८१ या काळात एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी ही नावे वाढत गेली आणि महाराष्ट्र कोळशावर चालणारे राज्य झाले. तारापूर मागे पडले. ते का मागे पडले, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

आशेचा काळ

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणू ही कल्पना मांडली. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. ज्या शक्तीने दोन शहरे भस्म केली, तीच घराघरात दिवा लावील, रोग बरे करील, शेतीला हात देईल, या विचाराने जग भारावून गेले. १९५४ मध्ये अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी तर मीटर लावण्याचीही गरज उरणार नाही इतकी स्वस्त वीज पुढच्या पिढीला मिळेल, असे भाकीत केले. त्याच वर्षी सोव्हिएत संघात ओब्निन्स्क येथे अणुभट्टीतून पहिल्यांदा विजेच्या जाळ्यात वीज गेली. १९५६ मध्ये ब्रिटनचे काल्डर हॉल सुरू झाले.

भारत या रांगेत उशिरा येणारा देश नव्हता. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट १९४८ मध्ये, अणुऊर्जा आयोग स्थापन झाला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्षपद डॉ. भाभांकडे होते. तिथे त्यांनी आणखी मोठे स्वप्न मांडले: सूर्यात चालणारी संमीलनाची प्रक्रिया माणूस दोन दशकांत ताब्यात आणील. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. नऊ वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्यासाठी बोटींची वाट पाहणाऱ्या देशाने हे करून दाखवले. त्या पिढीचा आत्मविश्वास समजून घेतल्याशिवाय पुढची निराशाही समजणार नाही.

भाभांनी आखलेला कार्यक्रम तीन टप्प्यांचा होता. भारतात युरेनियम थोडे आणि हलक्या प्रतीचे, पण केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम विपुल. थोरियम थेट जाळता येत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम व जड पाण्याच्या भट्ट्या चालवून प्लुटोनियम मिळवायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम द्रुतप्रजनक भट्ट्यांत वापरून इंधन वाढवायचे आणि थोरियमचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर करायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियमवर शतकानुशतके देश चालवायचा. शास्त्र म्हणून ही आखणी आजही भक्कम आहे. मात्र प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातून साठणाऱ्या इंधनावर उभा असल्याने पहिला रखडला की पुढचे सगळेच रखडणार होते. नेमके तेच घडले. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या द्रुतप्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, ती २०१० मध्ये सुरू व्हायची होती. तिचा गाभा भरण्याचे काम सुरू व्हायलाच २०२४ उजाडले.

तारापूरची कोंडी

तारापूर या तीन टप्प्यांत बसत नव्हते. ते लवकर उभे राहावे म्हणून परदेशातून जसेच्या तसे आणलेले केंद्र होते. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, अमेरिकेने अल्प व्याजाचे कर्ज दिले, जनरल इलेक्ट्रिकने प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन उकळत्या पाण्याच्या भट्ट्या दिल्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि पाच वर्षांत वीज आली. तेव्हाच्या साधनांचा विचार केला तर हा वेग थक्क करणारा आहे. भाभांना मात्र तो दिवस पाहता आला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँच्या शिखराजवळ एअर इंडियाचे विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. वीज महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये वाटली जाऊ लागली.

या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते करारानुसार अमेरिकेकडूनच यायचे होते. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि सगळे बिघडले. कॅनडाने राजस्थानच्या केंद्रातून हात काढून घेतला. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून अणुइंधनाच्या निर्यातीवर कडक अटी घातल्या. तारापूरचे इंधन अडकले. वापरलेल्या इंधनाचाही पेच होता. ते अमेरिका परत नेईना आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही देईना, म्हणून ते केंद्राच्या तलावांत साठत गेले. पुढे १९८०च्या दशकात फ्रान्सने, मग चीनने, नंतर रशियाने इंधन पुरवले. दरम्यान यंत्रणेतल्या अडचणींमुळे दोन्ही भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली.

इथल्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मूळ कंपनीचे सुटे भाग मिळत नसताना, किरणोत्सर्ग असलेल्या अरुंद जागांत दुरुस्त्या करत, त्यांनी या दोन्ही भट्ट्या पन्नास वर्षे चालवल्या. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या तेव्हा त्या जगातल्या सर्वात जुन्या व्यापारी अणुभट्ट्यांपैकी होत्या. कर्ज केव्हाच फिटल्याने तिथली वीज अनेक वर्षे युनिटला रुपयाच्या आसपास पडत होती. स्ट्रॉसच्या भाकिताच्या जवळ गेलेले आपल्याकडचे बहुधा हेच एक उदाहरण. पण ते ३२० मेगावॉटपुरते होते, आणि राज्याची भूक हजारो मेगावॉटची होती.

शेजारीच २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्या संपूर्ण भारतीय आराखड्याच्या होत्या आणि बांधकामही वेळेत झाले. अणुऊर्जा विभागाच्या इतिहासातला हा खरोखर अभिमानाचा क्षण. त्याच क्षणाची दुसरी बाजू अक्करपट्टी आणि पोफरण या गावांची आहे. या दोन गावांतली माणसे या भट्ट्यांसाठी उठवली गेली. समुद्रावर जगणाऱ्या कुटुंबांना किनाऱ्यापासून आत वसवले गेले. पुनर्वसनाचे भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले. भट्टी वेळेत उभी करणाऱ्या यंत्रणेला माणसांची घरे तितक्याच तत्परतेने उभी करता आली नाहीत, ही गोष्ट पुढे जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुणी विसरले नव्हते.

आकडे आणि तारखा

१९५४ मध्ये भाभांनी १९८० पर्यंत ८,००० मेगावॉट अणुविजेचा अंदाज मांडला होता. १९८० मध्ये प्रत्यक्षात सहाशेच्या आसपास मेगावॉट क्षमता होती. भाभांनंतर आयोगाचे अध्यक्ष झालेल्या विक्रम साराभाईंच्या काळात, १९६९ मध्ये, २००० सालासाठी ४३,५०० मेगावॉटचा आकडा मांडला गेला. १९८४ मध्ये तो १०,००० वर आणला. २००० साल उजाडले तेव्हा क्षमता पावणेतीन हजार मेगावॉटच्या आत होती. मग २०२० साठी २०,००० ठरले, २०२० मध्ये ६,७८० होते. २०२५ मध्ये क्षमता ८,८८० मेगावॉटवर पोचली. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे.

हे केवळ भारतात झाले असे नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७४ मध्ये जगासाठी २००० सालचा अंदाज ४,४५० गिगावॉटचा केला होता, प्रत्यक्षात सुमारे ३५० गिगावॉट झाले. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड, १९८६ मध्ये चेर्नोबिल, २०११ मध्ये फुकुशिमा. प्रत्येक अपघातानंतर सुरक्षेची पातळी वाढली, त्याबरोबर खर्च आणि मुदतही वाढली. भारतात याच्या जोडीला निर्बंध होते, जड पाण्याची टंचाई होती, झारखंडच्या जादुगुडाचे हलक्या प्रतीचे खनिज होते. १९९३ मध्ये नरोऱ्याला टर्बाइनच्या भागात भीषण आग लागली, १९९४ मध्ये कैगाला बांधकाम चालू असलेला घुमट कोसळला. २००७-०८ च्या सुमारास तर युरेनियमच्या टंचाईने उभ्या भट्ट्याही निम्म्या ताकदीवर चालवाव्या लागल्या.

अडचणी खऱ्या होत्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा आधीपासून माहीत होत्या. तरीही दर वेळी आकडा मोठाच जाहीर झाला आणि तो का चुकला याचे जाहीर उत्तर मिळाले नाही. थेट पंतप्रधानांच्या हाताखाली असलेला अणुऊर्जा विभाग १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने मोठ्या प्रमाणात पडद्याआड ठेवला. शस्त्रांच्या बाबतीत ही गुप्तता समजण्यासारखी आहे. विजेच्या अंदाजांना तिची गरज नव्हती. २००५ नंतर महाराष्ट्र भारनियमनात होरपळत होता, निफाड-दिंडोरीचा शेतकरी रात्री वीज आली की बिबट्याच्या धास्तीत द्राक्षबागेला पाणी द्यायला उठत होता. त्याला कधीच कुणी सांगितले नाही की १९५४ पासून आखलेली वीज कुठे अडली.

करार आणि आंबा

१८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी नागरी अणुसहकार्याची घोषणा केली. तीन दशकांचा बहिष्कार संपण्याची ती सुरुवात होती. मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीला आले तेव्हा अणुकराराबरोबरच भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली करण्याचे ठरले. १९८९ पासून आपला आंबा तिथे जात नव्हता, कारण कोयीतल्या किडीची त्यांना भीती होती. तोडगा होता गॅमा किरणांचा: ४०० ग्रे इतकी मात्रा दिली की कीड पुढे वाढू शकत नाही. ही मात्रा देण्याची सोय होती लासलगावला.

भाभा अणुसंशोधन केंद्राने निफाड तालुक्यातल्या या कांद्याच्या गावी २००२ मध्ये ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, उभारले होते. केंद्राच्या गाभ्यात कोबाल्ट-६० च्या कांड्या असतात. हा कोबाल्टही अणुभट्टीतच तयार होतो. साधा कोबाल्ट राजस्थानात रावतभाट्याच्या भट्टीत न्यूट्रॉन शोषून किरणोत्सर्गी होतो. वापरात नसताना कांड्या खोल पाण्यात बुडवून ठेवतात, काम सुरू करताना जाड काँक्रीटच्या खोलीत वर उचलतात आणि माल त्यांच्याभोवती फिरवतात. या किरणांनी माल किरणोत्सर्गी होत नाही, कारण त्यांची ऊर्जा त्यासाठी पुरेशी नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या देशाबाहेर मान्यता दिलेले हे पहिले कोबाल्ट केंद्र ठरले. एप्रिल २००७ मध्ये कोकणचा हापूस घाट चढून लासलगावला आला आणि इथून मुंबईमार्गे अमेरिकेला गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली, ऑक्टोबरमध्ये करारावर सह्या झाल्या. परदेशी युरेनियम मिळू लागल्याने जुन्या भट्ट्या पुन्हा पूर्ण ताकदीने चालू लागल्या, हा कराराचा मोठा आणि खरा लाभ. पण ज्या अमेरिकी भट्ट्यांच्या आशेवर संसदेत सरकार पणाला लागले होते, त्यांतली एकही उभी राहिली नाही. या करारातून ठरल्याप्रमाणे पहिली पोचली ती नाशिक जिल्ह्यातून गेलेली आंब्याची पेटी.

माडबनचा प्रश्न

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला मोठा प्रकल्प फ्रेंच होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्प: प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, उभे राहिले तर जगातले सर्वात मोठे अणुवीज केंद्र. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली, डिसेंबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत करार झाले. तीन महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, फुकुशिमा घडले. १८ एप्रिलला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला.

आंदोलकांना अडाणी म्हणणे तेव्हा सोपे होते. त्यांचे प्रश्न साधे होते: गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचे काय, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, तारापूरच्या विस्थापितांना काय मिळाले, आणि ही भट्टी जगात कुठे चालू आहे? शेवटच्या प्रश्नाचे तेव्हाचे उत्तर ‘कुठेही नाही’ असे होते. फ्रान्समध्ये फ्लामाव्हिल इथे याच प्रकारच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले, तिची वीज जाळ्यात गेली डिसेंबर २०२४ मध्ये. मूळ अंदाज ३.३ अब्ज युरोचा होता, खर्च चौपट झाला. या भट्ट्या देणारी अरेवा ही फ्रेंच कंपनीच आर्थिक संकटात सापडून तिचा भट्ट्यांचा कारभार ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. जैतापूरला भट्टीचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही. माडबनच्या माणसांनी विचारलेले प्रश्न भीतीपोटी असतील, पण ते अर्थशास्त्राचेही प्रश्न होते, आणि उत्तर त्यांच्या बाजूने आले.

कांद्याला काय मिळाले

लासलगावचे केंद्र मुळात आंब्यासाठी नव्हतेच. ते कांद्यासाठी होते. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा शेतकरी चाळीत भरतो आणि ऑक्टोबरपर्यंत भाव पाहून काढतो. पावसाळ्यात तो सडतो, वजनाला घटतो, शेवटी कोंब फुटतात. शंभर ग्रेच्या आतबाहेरची अल्प मात्रा दिली तर कोंबाचा गाभा निकामी होतो. १९९४ मध्येच कांद्याच्या विकिरणाला देशांतर्गत परवानगी मिळाली होती.

तरीही चाळींची जागा या केंद्राने घेतली नाही. कारणे शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती. किरणांनी कोंब थांबतात, सड आणि घट थांबत नाही. त्यांच्यासाठी नंतर शीतगृह लागते आणि त्याचा खर्च वेगळा. मात्रा काढणीनंतर काही आठवड्यांतच, कांदा सुप्तावस्थेत असताना द्यावी लागते, म्हणजे सगळ्यांचा माल एकाच वेळी दारात. केंद्राची क्षमता ताशी सुमारे १० टनांची, तर हंगामात एकट्या लासलगावच्या बाजारात दिवसाला दहा-वीस हजार क्विंटल कांदा उतरतो. पुढे पणन मंडळाचे वाशीचे विकिरण केंद्र उभे राहिल्यावर हापूसलाही घाट चढण्याची गरज कमी झाली. अलीकडे केंद्र सरकारने बफर साठ्यातल्या कांद्यावर पुन्हा विकिरणाचे प्रयोग हाती घेतले आहेत. ते यशस्वी व्हावेत. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि लासलगावचे लिलाव बंद पडले, डिसेंबरमध्ये तर निर्यातच थांबवली. टिकवलेला कांदा विकायचाच नसेल तर तो टिकवून शेतकऱ्याच्या हाती काय येते?

तारापूर, माडबन आणि लासलगाव या तिन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. भौतिकशास्त्र कुठेही खोटे ठरले नाही. न्यूट्रॉनने युरेनियमचे विभाजन केले, कोबाल्टने कोंब थांबवले. आशा अपुरी राहिली ती त्यापुढच्या हिशेबात: इंधन कुणाच्या हातात, जमीन कुणाची, मुदत कुणी पाळायची, मालाला भाव कोण देणार. हा हिशेब प्रयोगशाळेत होत नाही. तो ज्यांच्या दारात प्रकल्प येतो त्यांच्याबरोबर बसून, कागद त्यांच्यासमोर उघडून करावा लागतो.

२०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे लक्ष्य जाहीर झाले आहे. तेव्हाच्या क्षमतेच्या अकरा पटींहून अधिक. कोळशाच्या धुराने तापलेल्या जगात अणुविजेची गरज खरी आहे आणि भारतीय अभियंत्यांनी काक्रापार व रावतभाट्याला ७०० मेगावॉटच्या स्वदेशी भट्ट्या चालवून आपली ताकद दाखवली आहे. म्हणून हे लक्ष्य मी हसण्यावारी नेणार नाही. माझे मागणे एवढेच आहे की या वेळी दर पाच वर्षांनी संसदेत आणि विधानसभेत उघडा ताळेबंद ठेवावा: किती मेगावॉट ठरले, किती झाले, किती खर्च झाला, किती कुटुंबे उठली आणि ती आज कुठे व कशी राहतात. १९५४ पासून असा ताळेबंद मांडला गेला असता, तर चुकलेले आकडे वेळेवर सुधारता आले असते आणि अक्करपट्टीची माणसे माडबनला साक्षीदार म्हणून नाही, तर भरवसा देणारी शेजारी म्हणून उभी राहिली असती.